यंत्राला ओळख न्हाई

‘पडलं ते आपलं’ असं म्हणणारी माणसं मला आयुष्यात पुष्कळ भेटली. बहुतेकांच्या पदरात चांगलंच पडलेलं असायचं, म्हणून ती म्हणायची. पडलेलं वाईट असतानाही तेच म्हणणारी बाई मी एकच पाहिली. विमल सोनकांबळे. आमच्या सोनकांबळे मॅडम. त्यांच्याविषयी लिहायला बसलं की आधी हसू येतं आणि थोड्या वेळानं मान खाली जाते. दोन्ही लिहिणार आहे.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. भाड्याच्या घरांतून कचेऱ्या सुरू झाल्या होत्या आणि जो तो कुठून तरी बदलून आलेला होता. माझे यजमान बांधकाम खात्यात. गावाबाहेर प्लॉट पाडून नव्या कॉलन्या उठल्या, त्यातल्या एका बारा घरांच्या गल्लीत आम्ही राहायला आलो. गल्लीच्या तोंडाशी पहिलं घर बिरादार काकांचं. ते गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, आणि कॉलनीचे आपोआप झालेले अध्यक्ष. अकरावं घर आमचं. बारावं, जिथे गल्ली संपून काटेरी बाभळी सुरू व्हायच्या, तिथे मॅडम आणि त्यांची आई भाड्यानं राहायच्या. घराघरात नळ होते. नगरपालिकेनं मोठ्या हौसेनं बसवले होते. त्यातून पाणी आलेलं मात्र कुणी पाहिलं नव्हतं, कारण लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला होता.

मॅडम कॉम्प्युटर शिकवायच्या. आज त्यात काही विशेष वाटणार नाही. तेव्हा आख्ख्या गावात कॉम्प्युटर बोटावर मोजण्याइतके होते आणि ते शिकवणारी बाई एकच. बाजारात खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर क्लास होता. जिना चढताना युरियाचा वास यायचा आणि दार उघडलं की एसीचा गारवा. चपला बाहेर काढाव्या लागत. दारावर पाटी होती : ‘संगणक कधीही चुकत नाही.’ मालक हैदराबादला असायचा, त्यानंच ती लिहून घेतली होती. मला यजमानांनीच क्लासला घातलं. घरी बसून सासूबाईंशी भांडण्यापेक्षा काही तरी शीक, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

मॅडम तेव्हा तिशीच्या आतबाहेर. सावळ्या, काटक, केस इतके घट्ट विंचरलेले की भुवया वर ओढल्यासारख्या दिसायच्या. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. मूळच्या बिलोलीकडच्या. शिकवताना पुस्तकी मराठी बोलायच्या आणि रंगात आल्या की बिलोली बाहेर यायची. नवीन विद्यार्थी मशीनला हात लावायला घाबरला की म्हणायच्या, “लावा हो हात. ह्याला कुणाच्या हाताचं वावडं न्हाई.” हे वाक्य त्या हसत म्हणायच्या. त्यात हसण्यासारखं काय आहे आणि काय नाही, हे मला फार उशिरा कळलं.

पण मॅडम ओळखल्या जायच्या त्या एका खेळामुळे. मालकाचा मेहुणा आखातात होता. त्यानं पाठवलेल्या फ्लॉप्यांमध्ये तो निघाला. इंग्रजी नाव लांबलचक होतं, आम्ही त्याला ‘भुयार’ म्हणायचो. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघा, त्या रेघांच्या खोल्या, आणि त्यात फिरणारी एक खूण म्हणजे आपण. राक्षस म्हणजे इंग्रजी अक्षरं. आर आला की उंदीर, डी आला की आग ओकणारा ड्रॅगन, पळा. चित्र नाही, गाणं नाही. तरी क्लास सुटल्यावर सगळे त्या एका मशीनभोवती उभे राहायचे.

खेळ सुरू करताना मशीन आधी तुमच्या माणसाला जन्माला घालायचं. ताकद, अक्कल, चपळाई, दम, अशा सहा गोष्टींचे आकडे पाडायचं. मनासारखे पडले नाहीत तर एक बटण दाबून परत पाडता यायचे. पोरं अर्धा अर्धा तास तेच बटण दाबत बसायची. राजपुत्र जन्माला आल्याशिवाय कुणी भुयारात उतरत नसे. मॅडमनी पहिल्यांदा खेळ लावला तेव्हा त्यांना ताकद पाच पडली आणि दम सहा. अठरापैकी. मागे बँकेत नुकताच लागलेला एक तरुण उभा होता, तो म्हणाला, “मॅडम, परत पाडा की. हे तर म्हातारीचे आकडे हायत.”

“असू द्या. म्हातारीच हाय ती,” मॅडम म्हणाल्या आणि नावाच्या जागी त्यांनी आपल्या आईचं नाव टाइप केलं. भागाई.

मी नंतर जिना उतरताना त्यांना विचारलं की परत का नाही पाडले.

“वहिनी, मी जन्मले तवा मला काय पडलं होतं ते बघूनच शाळेतले एक गुरुजी म्हणाले होते, हिला कशाला पाटी. पडलेलं बदलत बसायचं न्हाई. त्याच्यावर चालून दाखवायचं.”

आणि भागाई चालली. राजपुत्र तलवार उपसून राक्षसांच्या अंगावर जायचे आणि दुसऱ्या मजल्यावर मरायचे. भागाई भिंतीच्या कडेनं जायची, दारामागं थांबायची, उंदीर झोपला असेल तर त्याला झोपू द्यायची. मॅडम प्रत्येक खोलीचा नकाशा चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं काढायच्या. वार फुकट गेला की पडद्यावर इंग्रजीत यायचं, आणि मॅडम त्याचं भाषांतर करायच्या : “हुकलं.” लागला की : “घावलं.” यापलीकडे त्यांचा हर्ष नाही की खेद नाही. तीनदा हुकून चौथ्यांदा राक्षसाचाच वार बसला तरी मशीनला शिवी नाही. इतर लोक मशीनला इतकं बोलायचे की ते उठून उत्तर देईल असं वाटायचं.

“ह्याला राग कशाला धरायचा?” मॅडम म्हणायच्या. “कोण कुणाचा पाव्हणा, कुणाचं आडनाव काय, ह्याला कायबी ठाऊक न्हाई. यंत्राला ओळख न्हाई. वाईट पाडतंय तेबी सगळ्यांना सारखंच पाडतंय. एवढा इमानदार मी तर दुसरा बघितला न्हाई.”

तो खेळ खेळणं म्हणजे शिक्षा होती. एकेका कामाला एकेक बटण, आणि तेच अक्षर मोठ्या लिपीत दाबलं तर वेगळंच काम. मशाल पेटवायची तर आधी ती पोतडीतून काढायची, मग हातात धरायची, मग पेटवायची, आणि तेवढ्यात अंधारात कुणीतरी चावून जायचं. मी एकदाच खेळले. दारासमोर उभी राहून दार उघडायचं बटण दाबायला गेले आणि शेजारचं दाबलं. हातातली तलवार खाली पडली. दार मात्र पलीकडून उघडलं. मग जे आलं त्यानं मला खाल्लं. सगळे हसले. मॅडमनी फक्त मान हलवली. “घाई केली की दार उघडत न्हाई वहिनी, हातातलं पडतंय.” पुढे कित्येक वर्षं दूध उतू गेलं की मला हे वाक्य आठवायचं.

एकदा मेलं की मेलं. मशीन फ्लॉपीवरून तुमचं नावच पुसून टाकायचं. कुठवर आलो ते जपून ठेवायचं तर पार वरच्या मजल्यावरच्या मुक्कामाच्या धर्मशाळेत जावं लागे, आणि त्या वाटेवर वीज गेली की सगळं पाण्यात. बँकेतल्या त्या तरुणानं यावर तोड काढली. फ्लॉपीची नक्कल करून ठेवली. माणूस मेला की नक्कल घालायची, माणूस परत उभा. मॅडमच्या ते लक्षात आलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. त्याच्याकडून ती फ्लॉपी मागून घेतली, मशीनमध्ये घातली आणि त्याच्यासमोर कोरी करून परत दिली.

“मरायचं भेवच न्हाई तर जपून चालायला कवा शिकणार तुम्ही?” एवढंच म्हणाल्या.

दसऱ्याला मालक हैदराबादहून आला आणि त्यानं मशीनची पूजा केली. मॅडम नको नको म्हणत असताना कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं. कुंकू आत गेलं आणि एक बटण अडकलं. खेळात जमिनीवरची वस्तू उचलायची तर नेमकं तेच बटण. आठवडाभर भागाई भुयारात सोन्याच्या मोहरांवरून चालत गेली, एक उचलता आली नाही. मॅडम म्हणाल्या, “आमच्या आईचं सगळं आयुष्यच असं गेलं बघा. पायाखाली हाय, उचलायची सोय न्हाई.” आम्ही हसलो. त्याही हसल्या.

आणि खेळात तहान होती. हे मला सर्वांत अजब वाटायचं. भुयारातल्या माणसाच्या मशकीतलं पाणी संपत जायचं आणि संपलं की ताकद घटायची. खाली कुठेतरी एक झरा आहे असं माहितीपत्रकाच्या झेरॉक्समध्ये लिहिलं होतं. कुठे, ते पान झेरॉक्सवाल्यानं गाळलं होतं. त्या वर्षी गावात टँकरशिवाय दुसरी चर्चा नव्हती, त्यामुळे ही बातमी पसरली. ज्यानं जन्मात कॉम्प्युटर पाहिला नव्हता तो खालचा चहावाला मॅडम दिसल्या की विचारायचा, “मॅडम, झरा घावला का?”

“न्हाई अजून,” मॅडम अगदी गंभीरपणे सांगायच्या. “पर हाय. लिहिलंय.”

खरा टँकर आमच्या गल्लीत आठवड्यातून दोनदा यायचा. तोंडाशी थांबायचा. बिरादार काकांच्या हौदात पाइप पडायचा आणि मग एक, दोन, तीन असं करत तो आत सरकायचा. आमच्यापर्यंत येईपर्यंत पाइप खोकायला लागायचा. बाराव्या घराशी आला की तळाचं तांबडं पाणी, तेही चार घागरी. भागाई, म्हणजे खऱ्या भागाई, पांढऱ्या केसांच्या, कमरेत वाकलेल्या, दारात पितळी घागर घेऊन सकाळपासून बसलेल्या असायच्या. घागरीच्या पोटाला मोठा पोचा होता. बिलोलीच्या पाणवठ्यावर ती कशी आपटली याची गोष्ट त्या कुणालाही सांगायच्या. लहानपणी त्यांना विहिरीला हात लावता येत नसे. काठाशी घागर ठेवून लांब उभं राहायचं आणि कुणी ओतलं तर न्यायचं. एकदा त्या जवळ सरकल्या तर कुणीतरी घागर लाथेनं उडवली. हे त्या तक्रार म्हणून सांगत नसत. घागर किती मजबूत, हे सांगायला सांगत.

उन्हाळा चढला तशी गल्लीत भांडणं सुरू झाली. एके दिवशी बिरादार काकांच्या ओट्यावर सगळे जमले असताना मॅडम उभ्या राहिल्या. आमच्या गल्लीत बाई उभं राहून बोलायची पद्धत नव्हती.

“रोज एक नंबरपासनंच का सुरू व्हायचं? नंबर पाडा. जो नंबर पडंल तिथनं टँकर सुरू, तिथनं पुढं फिरून परत मागं.”

“चिठ्ठ्या टाकायच्या म्हणता?” कुणीतरी विचारलं. “चिठ्ठ्या कोण करणार, कोण घडी घालणार, त्यात काय कमी भांडणं?”

“चिठ्ठ्या नकोत. मशीन पाडंल. यंत्राला ओळख न्हाई.”

बिरादार काकांना ते आवडलं नव्हतं. पण मशीनला नाही म्हणणं मागासलेपणाचं झालं असतं, आणि नव्या जिल्ह्याच्या गावात मागासलं दिसायला कुणीच तयार नव्हतं. मॅडमनी आठ दिवस खपून स्वतः मशीनसाठी प्रोग्रॅम लिहिला. महिन्याच्या पहिल्या रविवारी घराघरातलं एकेक माणूस चपला काढून त्या गार खोलीत उभं राहिलं. मशीन सुरू केलं, मॅडमनी बटण दाबलं, आणि महिन्याच्या आठ टँकरांचे आठ नंबर एकाखाली एक हिरवे उमटले. बारा, चार, सात, बारा, दोन, नऊ, बारा, पाच. बारा तीनदा. मॅडमच्या चेहऱ्यावर रंग चढला. कुणी काही म्हणायच्या आत बिरादार काका हसून म्हणाले, “चला, मशीन कुठं चुकतंय? पाटीच लावलीया.” आणि सगळे हसले.

पहिला टँकर आमच्या घरांवरून सरळ आत गेला आणि बाराव्या घराशी थांबला. भागाईंनी न्हाऊन धुवट लुगडं नेसलं होतं. डोक्यावर पदर घेऊन त्या दारात उभ्या होत्या, लग्नाला निघाल्यासारख्या. पाइप त्यांच्या हौदात पडला, पाणी स्वच्छ, निळसर, जोरात. त्या त्याच्यात हात धरून उभ्या राहिल्या. “इमल! आगं इमल! आपल्या दारात आधी!” टँकर निघून गेला तरी त्या बोलत होत्या.

बारापासून सुरू झालेला टँकर पुढे एक, दोन करत फिरायचा, म्हणजे शेवटचं घर अकरा. आमचं. भिंतीला भिंत लागलेली, आणि त्यांचा नंबर आला की आम्हाला तळ. पण पडलं ते आपलं. मी मॅडमचीच विद्यार्थिनी होते.

दुसऱ्या महिन्यात आम्ही परत त्या खोलीत उभे राहिलो. परत आठ नंबर उमटले, परत बारा तीनदा. कुणी हळूच म्हणालं, मॅडमचं नशीब जोरात आहे. आधीच्या महिन्याचे आकडे कुणाच्या लक्षात नव्हते. ज्याला त्याला आपला एक नंबर तेवढा आठवत होता. मॅडम त्या दिवशी नमस्कार न करता जिना उतरून गेल्या.

त्या महिन्यात बाराच्या एका पाळीला आमच्या वाट्याला नुसता चिखल आला. माझी मुलगी तेव्हा अंगावर पिणारी, सासूबाई आजारी. मी घागर घेऊन शेजारी गेले. भागाई दारातच होत्या. “घ्या वो बाई, लई हाय आपल्याकडं,” म्हणत त्यांनी आपली पोचा आलेली घागर उचलून माझ्या घागरीत ओतली, आणि परत भरून परत ओतली. बोलत होत्या, हसत होत्या. आयुष्यभर दुसऱ्यानं ओतायची वाट बघितलेली ती बाई त्या दिवशी ओतत होती. मॅडम आत दाराआड उभ्या होत्या. मी म्हटलं, “मॅडम, नशीब काढलंत.”

“नशीब न्हाई वहिनी,” त्या म्हणाल्या. पुढे काही तरी बोलणार होत्या. मग आईकडे बघितलं आणि आत वळल्या.

घरी आल्यावर सासूबाईंनी ते पाणी माठात ओतू दिलं नाही. धुण्याच्या बादलीत ओतायला लावलं. मी ओतलं. मध्ये एकच भिंत होती आणि आमच्या सासूबाईंचा आवाज आजारपणातही खणखणीत होता.

तिसऱ्या महिन्याचा पहिला रविवार आला. खोली भरलेली होती. मॅडमनी मशीन सुरू केलं पण बटण दाबलं नाही. त्या आमच्याकडे वळल्या. हात पदरात गुंडाळले होते.

“बटण दाबायच्या आधी काय पडणार ते मी सांगते,” त्या म्हणाल्या. “बारा, चार, सात, बारा, दोन, नऊ, बारा, पाच.”

मग वळून बटण दाबलं. बारा. चार. सात. बारा. पडद्यावर एकेक आकडा येत होता. दोन. नऊ. बारा. पाच.

त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, वर्गात सांगायच्या तसंच. मशीन आपल्या मनानं काही पाडत नाही. पाढे म्हणणाऱ्या पोरासारखं ते दर वेळी पहिल्यापासून सुरू करतं आणि तेच म्हणतं. दर वेळी नवीन ठिकाणाहून सुरू कर, घड्याळ बघून सुरू कर, असं सांगणारी एक ओळ त्याला लिहून द्यावी लागते. भुयारवाल्यांनी ती लिहिली होती. मॅडमना ती माहीत नव्हती.

“पहिल्या महिन्याला ती चूक होती,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या महिन्याला न्हाई. तेच आकडे आले तवाच माझ्या ध्यानात आलं. त्याच दिवशी पुस्तकात ओळ सापडली. मी घातली न्हाई. महिनाभर घातली न्हाई. आई... आईचं नाव मधी आणत न्हाई. माझं मीच केलं. आता तुमच्यासमोर ती ओळ घालते. मग परत दाबते, बघा, येगळे पडतील.”

त्यांनी वळून ती ओळ टाइप केली. बोट बटणावर गेलं, तेवढ्यात बिरादार काका म्हणाले, “ऱ्हाऊ द्या मॅडम.” आवाज मऊ होता, फार मऊ. “मशीनबिशीन झालं. आपलं पयलं होतं तेच बरं. काय मंडळी?”

मंडळींनी माना हलवल्या. “तरी मी म्हणत होतो,” एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, “ह्यांच्या हातात दिलं की असंच.” ह्यांच्या म्हणजे कुणाच्या, ते त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. वर्षभर एक नंबरच्या हौदात आधी पाणी पडत होतं तेव्हा यातल्या कुणालाही फसवल्यासारखं वाटलं नव्हतं. एका बाईनं एक महिना गप्प बसल्याची कबुली दिली आणि अकरा घरं एकदम सज्जन झाली. नवी ओळ घातलेलं मशीन समोर सुरू होतं. एक बटण दाबायचं होतं. ते दाबून बघू या, असं त्या खोलीत कुणी म्हणालं नाही. तळ मिळत होता तो आम्हाला, तेव्हा म्हणायचा हक्क सर्वांत आधी आमचा होता. यजमान चपला शोधत होते. मी त्यांच्यामागे उभी होते.

मॅडमनी बोट काढून घेतलं आणि मशीन बंद केलं. हिरवा ठिपका बारीक होत होत गेला.

पुढचा टँकर बिरादार काकांच्या दारात थांबला. भागाई धुवट लुगड्यात उभ्या होत्या, त्यांना कुणी नीट सांगितलं नसावं. पाइप खोकत त्यांच्यापर्यंत आला तेव्हा त्यांनी घागर पुढे केली आणि तांबडं पाणी घेतलं. मग लुगडं सावरत आत गेल्या.

मॅडम क्लासमध्ये शिकवत राहिल्या. पण भुयार परत लावलं नाही. फ्लॉपी टेबलाच्या खणात पडून होती. चहावाल्यानं विचारलं, “मॅडम, झरा घावला का?” तर म्हणाल्या, “न्हाई.” नुसतंच न्हाई. माझ्याशी बोलताना त्या माझ्या खांद्याकडे बघायच्या. मी एकदा म्हटलं, “मॅडम, सोडा हो, चालायचंच.” त्या म्हणाल्या, “तुमच्याच घरचं पाणी घेतलं वहिनी मी. आन् तुम्हालाच घागरभर देऊन उपकार केले.” मी त्यांना बादलीची गोष्ट सांगायला हवी होती, म्हणजे फिटंफाट तरी झाली असती. नंतर वाटलं, भिंतीपलीकडून त्यांनी ती ऐकलीच असणार. त्यांनी ती कधी काढली नाही. वर्षाच्या आत नांदेडला नोकरी लागून त्या आईला घेऊन निघून गेल्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात मी मुलीकडे नांदेडला गेले होते. तिची कॉलनीही नवीन, तिथेही टँकर. सकाळी मुलगी म्हणाली, चल, पाळीचे नंबर काढायचेत, एक रिटायर्ड मॅडम काढतात, फार कडक आहेत. ओट्यावर बायका बसल्या होत्या. मध्ये पांढऱ्या केसांच्या मॅडम, केस तसेच घट्ट, आणि पुढ्यात पितळी घागर. पोचा होता तिथेच होता.

त्यांनी घागर उपडी करून सगळ्यांना दाखवली. आत हात फिरवला. चिठ्ठ्या एकेक उघडून दाखवल्या, घड्या घातल्या, टाकल्या, घागर हलवली. कुणीतरी म्हणालं, “मॅडम, आता मोबाइलवर पण निघतात की नंबर.” त्या म्हणाल्या, “मोबाइलच्या पोटात काय हाय ते दिसत न्हाई बाई. घागरीच्या दिसतंय.” मुलीनं माझ्या कानात सांगितलं की यांची स्वतःची चिठ्ठी यात नसते. सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते त्या घेतात, अगदी पहिल्यापासून.

तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर आली. ओळखलं. मी हसायला गेले पण जमलं नाही.

“ह्या पाव्हण्या हायत,” त्या बायकांना म्हणाल्या. “ह्यांचं इथं घर न्हाई. चिठ्ठ्या ह्याच काढतील.”

त्यांनी घागर उचलून माझ्या पुढ्यात आणून ठेवली. परत एकदा उपडी केली. चिठ्ठ्या ओट्यावर सांडल्या. फक्त मला दिसेल अशी रिकामी घागर माझ्यापुढे धरली. खूप वेळ धरली. मला म्हणायचं होतं, मॅडम, पुरे, हे आम्ही तुम्हाला दाखवायला हवं होतं. लाज आमची होती, बारा घरांपैकी अकरांची, आणि तिचं सगळं ओझं तुम्ही एकटीनं इतकी वर्षं वागवलंत. बायका वाट बघत होत्या. मी नुसती मान हलवली.

त्यांनी चिठ्ठ्या भरल्या, घागर हलवली आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. शेवटची चिठ्ठी निघेपर्यंत त्या वळल्या नाहीत. मी घागरीत हात घातला तेव्हा आत गार लागलं. मी एकेक नंबर मोठ्यानं वाचत गेले आणि दर नंबराला पाठमोऱ्या मॅडम हळूच मान हलवत होत्या.